म्हाताऱ्या घोड्याची सांधेदुखी : नव्या मालकासाठी उपचाराचा क्रम

अकलूजच्या बाजारातून किंवा ओळखीच्या माणसाकडून पहिला घोडा घेणाऱ्याला उंची, रंग, चाल आणि अंगावरचे भोवरे यांविषयी हवा तेवढा सल्ला मिळतो. घोड्याने वयाची पंधरा-सोळा वर्षे ओलांडल्यावर त्याचे सांधे दुखू लागले तर काय करायचे, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही. सोलापूर जिल्ह्यात घोडा आजही वरातीसाठी, टांग्यासाठी, यात्रेतील मिरवणुकीसाठी, धनगरांच्या मेंढरांबरोबर ओझे वाहण्यासाठी आणि अलीकडे निव्वळ रपेटीच्या हौसेसाठी पाळला जातो. यांतील बरीचशी कामे डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर होतात, आणि त्यामुळे वय वाढले की घोटा, पुढचा गुडघा आणि मागच्या पायाचा हॉक (पायाच्या मध्यावरचा, मागे टोक आलेला सांधा) या सांध्यांवर त्याचा परिणाम दिसू लागतो.

सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते आणि त्यांच्यामध्ये चिकट द्रव असतो. वर्षानुवर्षांच्या दाबाने कूर्चा झिजते, द्रव पातळ होतो, सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि कडेने नवे हाड वाढू लागते. झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. म्हणून उपचारातून काय साधायचे हे सुरुवातीलाच मनाशी स्पष्ट असावे: वेदना कमी करणे, सूज आटोक्यात ठेवणे आणि घोडा स्वतःच्या पायांवर सुखाने हिंडता-फिरता राहील इतकी हालचाल टिकवणे. लग्नसराईत दोन तास उभा राहावा म्हणून त्याला इंजेक्शन देणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करणे, याला मी उपचार म्हणत नाही. वेदना दबली की घोडा दुखऱ्या सांध्यावर पूर्ण भार टाकतो आणि झीज अधिक वेगाने वाढते.

पहिली पायरी : दुखणे ओळखणे

घोडा वेदना लपवणारा प्राणी आहे. तो कण्हत नाही, ओरडत नाही. म्हणून त्याच्या वागण्यातील लहान बदल वाचायला शिकावे लागते. सांधेदुखीची सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे सकाळचा ताठरपणा. रात्रभर ठाणावर उभा असलेला घोडा पहिली दहा-पंधरा पावले आखडून टाकतो आणि थोडे चालल्यावर मोकळा होतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे हा फरक अधिक जाणवतो. याशिवाय पाऊल आखूड पडणे, वळताना पाय फिरवायला कचरणे, उतारावर थबकणे, नालबंदाला पाय उचलून न देणे, पूर्वी सहज लोळणाऱ्या घोड्याने लोळणे सोडणे, खोगीर चढवताना कान मागे टाकणे, या गोष्टींकडे लक्ष द्यावे. सभ्य घोडा एकाएकी चावरा किंवा लाथाड झाला, तर त्याला फटके देण्यापूर्वी त्याचे पाय तपासावेत.

कोणता पाय दुखतो हे पाहण्यासाठी घोड्याला सपाट, टणक जागेवर सैल दोरीने सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवावे. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीवर टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोके खाली झुकते. नवा माणूस नेमका येथेच उलटा निष्कर्ष काढतो आणि डोके झुकते त्याच पायाला दुखरा समजतो. मागच्या पायासाठी पुठ्ठ्यांकडे मागून पाहावे; ज्या बाजूचा पुठ्ठा अधिक वर-खाली होतो, त्या बाजूचा पाय बहुधा दुखरा असतो. दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच दुखत असले तर घोडा लंगडत नाही, फक्त आखडून चालतो. म्हाताऱ्या घोड्यांत असे पुष्कळदा आढळते आणि मालक त्याला आळशीपणा समजतो.

दुसरी पायरी : सांधेदुखीसारखी दिसणारी इतर दुखणी वगळणे

वय झाले आणि लंगडतो, म्हणजे संधिवातच, असे धरून चालणे धोक्याचे आहे. आपल्या भागात चार-पाच दुखणी अशी आहेत की जी वरवर सांधेदुखीसारखीच दिसतात, पण त्यांचा उपचार पूर्णपणे वेगळा असतो, आणि त्यांतील काहींमध्ये वेदनाशामक देऊन घालवलेला एक आठवडा घोड्याला महागात पडतो.

पहिले खुराचे. लंगडणाऱ्या घोड्याचा खूर आधी पाहावा आणि सांधे नंतर. खुरात पू झाला असेल तर घोडा एकाएकी, कधी कधी पाय टेकवतच नाही इतका लंगडतो, खूर गरम लागतो आणि पू काढून दिला की दुखणे झपाट्याने उतरते. खुराच्या आतील थराला दाह होणे, म्हणजे लॅमिनायटिस, हे त्याहून गंभीर असते. त्यात घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो, वळायला नकार देतो आणि घोट्याच्या मागच्या बाजूस बोट ठेवले तर नाडी जोरात उडते. धान्याचे पोते फोडून भरपूर ज्वारी किंवा गहू खाल्ल्यानंतर हे होऊ शकते. स्थूल आणि वयस्क घोड्यांत ते उघड कारणाशिवायही होते. ही तातडीची अवस्था आहे आणि अशा घोड्याला चालवू नये.

दुसरे कोंड्याचे. आपल्याकडे घोड्याच्या चंदीत हरभऱ्याबरोबर गव्हाचा कोंडा सढळ हाताने घालण्याची पद्धत आहे. कोंड्यात कॅल्शियमच्या कित्येक पट फॉस्फरस असतो. असा आहार महिनोन्‌महिने चालला की शरीर रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांमधून ते काढू लागते, हाडे ठिसूळ होतात आणि घोडा कधी या पायाने, कधी त्या पायाने लंगडतो. पुढे जबडा आणि नाकाच्या बाजूची हाडे फुगल्यासारखी दिसतात. नेपियरसारख्या ऑक्झलेट जास्त असलेल्या गवतावर दीर्घकाळ ठेवलेल्या घोड्यातही हेच घडते, कारण ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. लंगडणे पाय बदलत असेल तर डॉक्टरांना आहाराचा पूर्ण तपशील आपण होऊन सांगावा. उपचाराची निम्मी वाट तेथे असते.

तिसरे हिरव्या ज्वारीचे, आणि ज्वारीच्या या मुलुखात हे प्रत्येक मालकाला ठाऊक असले पाहिजे. वाळलेला कडबा घोडा वर्षानुवर्षे खातो, पण हिरव्या ज्वारीवर किंवा सुदान गवतावर अनेक आठवडे चरणाऱ्या घोड्याच्या मज्जारज्जूला इजा होऊ शकते. मागचे पाय लटपटतात, वळताना तोल जातो, लघवी थेंब थेंब गळत राहते आणि मागच्या पायांची आतली बाजू ओली दिसते. मालकाला वाटते की कमरेचा किंवा हॉकचा संधिवात आहे. दुखऱ्या सांध्याचा घोडा पाऊल जपून टाकतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या घोड्याला मात्र पाऊल कोठे पडते आहे याचेच भान राहत नाही, आणि बारकाईने पाहिले तर हा फरक दिसतो. कोवळ्या किंवा पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीत किरळ लागण्याचा, म्हणजे सायनाइडच्या विषबाधेचा, धोका असतो तो निराळाच.

चौथे सर्रा. चावऱ्या गोमाश्यांमुळे पसरणाऱ्या या रक्तातील परजीवीच्या रोगात ताप येतो-जातो, घोडा खंगत जातो आणि पाय व पोटाखालचा भाग सुजतो. सुजलेले पाय पाहून लेप लावत बसण्यापेक्षा रक्ताची काच तपासून घ्यावी.

शेवटी एक इशारा. एखादा सांधा एकाएकी सुजला, हाताला गरम लागला, घोड्याला ताप आला किंवा सांध्याजवळ अगदी लहान जखम दिसली, तर सांध्यात जंतू गेल्याची शंका घ्यावी. यात उशीर चालत नाही. डॉक्टर त्याच दिवशी हवा. घोड्याचे विश्रांतीतील तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असते. एक साधा थर्मामीटर पागेत कायम ठेवावा.

तिसरी पायरी : डॉक्टरांना बोलावण्यापूर्वीची तयारी

घोड्याचे वजन ठाऊक असल्याशिवाय औषधाची मात्रा ठरत नाही, आणि वजनकाटा प्रत्येकाजवळ नसतो. त्यासाठी शिंप्याची टेप घ्यावी. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराला घेराने गुणावे, आलेल्या संख्येला लांबीने गुणावे आणि ११,८७७ ने भागावे. घेर १६० आणि लांबी १४० असेल, तर वजन सुमारे ३०२ किलो येते. हा अंदाज आहे, पण नजरेने सांगितलेल्या आकड्यापेक्षा पुष्कळ चांगला.

दुसरी तयारी मोबाइलवरील चित्रणाची. सकाळी ठाणावरून बाहेर काढल्यावरची पहिली पावले, नंतर दुडकी चाल पुढून, मागून आणि बाजूने, आणि दोन्ही बाजूंना घेतलेले वळण, असे लहान तुकडे चित्रित करून ठेवावेत. डॉक्टर दुपारी आले तर सकाळचा ताठरपणा त्यांना दिसत नाही, आणि अनोळखी माणूस पाहून अंगात तरतरी आलेला घोडा काही मिनिटे लंगडणे लपवूही शकतो. यांच्या जोडीला एका कागदावर दुखणे कधीपासून आहे, आतापर्यंत कोणती औषधे दिली, चंदी व चारा काय आहे, नाल शेवटची कधी बदलली आणि धनुर्वाताची लस कधी टोचली, हे लिहून ठेवावे. आधी दिलेले औषध लपवू नये, मग ते शेजाऱ्याने दिलेले का असेना.

डॉक्टर कोठे मिळतील? जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, सोलापुरातील जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि फिरत्या पथकासाठीचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक, येथून सुरुवात करावी. आपल्या भागातील पशुवैद्यकांचा बहुतेक वेळ गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांत जातो; म्हणून घोड्यांचा अनुभव आहे का, हे नम्रपणे विचारण्यात काही गैर नाही, आणि चांगला डॉक्टर त्याचे सरळ उत्तर देतो. गुंतागुंतीच्या दुखण्यासाठी शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाचा किंवा पुण्यात शर्यतीच्या घोड्यांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. मात्र दुखऱ्या घोड्याला टेम्पोत उभे करून इतक्या लांब नेण्यापूर्वी चित्रण आणि एक्स-रे पाठवून फोनवर बोलून घ्यावे. पुष्कळदा प्रवासाची गरजच उरत नाही.

चौथी पायरी : तपासणी

डॉक्टर प्रथम खुरापासून वर प्रत्येक सांधा चाचपतात, मग एकेक सांधा अर्धा ते एक मिनिट वाकवून धरतात आणि लगेच घोड्याला पळवायला सांगतात; दुखरा सांधा वाकवल्यानंतर लंगडणे वाढते. नेमकी जागा पकडण्यासाठी ठरावीक ठिकाणी बधिरीकरणाचे इंजेक्शन देऊन पाहतात, आणि मग त्या सांध्याचा एक्स-रे काढतात. एक्स-रेमध्ये दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही, म्हणून केवळ चित्र पाहून घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये. दीर्घकाळ वेदनाशामक द्यायचे असेल तर मूत्रपिंड आणि यकृताची रक्ततपासणी आधी करून घेण्याचा आग्रह मालकाने स्वतः धरावा.

पाचवी पायरी : वेदनाशामक औषधे

या औषधांनी सूज आणि वेदना दोन्ही कमी होतात, आणि नीट वापरली तर म्हाताऱ्या घोड्याचे दिवस खरोखर सुखाचे होतात. परंतु याच औषधांचा सर्वाधिक गैरवापरही होतो, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

मेलोक्सिकॅम हे आज सहज मिळणारे औषध आहे. घोड्यासाठी त्याची रूढ मात्रा किलोमागे ०.६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, तोंडावाटे अशी आहे. म्हणजे ३०० किलोच्या घोड्याला १८० मिलिग्रॅम. आकडा येथे दिला तो वजनाचे महत्त्व कळावे म्हणून. आपल्या घोड्याची मात्रा आणि कालावधी डॉक्टरांनीच ठरवावा. माणसांची गोळी साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅमची असते, त्यामुळे अंदाजाने दोन-चार गोळ्या चारल्याने काही साधत नाही, आणि मग परिणाम दिसत नाही म्हणून दुसरे औषध जोडले जाते. तोच खरा धोका. या गटातील दोन औषधे एकत्र कधीही देऊ नयेत. फ्लुनिक्सिन चालू असताना मेलोक्सिकॅम, किंवा फेनिलब्युटाझोनबरोबर आणखी काही, असे केल्याने वेदनेत फारसा अधिक आराम मिळत नाही, परंतु जठरातील व्रण आणि मूत्रपिंडाची हानी मात्र वाढते.

फेनिलब्युटाझोन हे घोड्यांच्या सांधेदुखीसाठी जगभर दीर्घकाळ वापरले गेलेले औषध आहे आणि ते परिणामकारकही आहे. पण त्याची गुणकारी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांच्यात अंतर कमी असते. त्याचे इंजेक्शन फक्त शिरेतूनच द्यायचे असते, कारण ते शिरेबाहेर सांडले तर तेथील मांस सडते. मानेत घाईने टोचणाऱ्या माणसाच्या हाती हे औषध देऊ नये. डायक्लोफेनॅकचा जनावरांसाठीचा वापर आपल्या देशात २००६ पासून बंद आहे. केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक यांवर २०२३ मध्ये अशीच बंदी आली. ही औषधे घेतलेल्या जनावराचे शव खाऊन गिधाडे मरतात, हे त्यामागचे कारण आहे. दुकानदाराने माणसांसाठीची बाटली पुढे केली तरी ती घेऊ नये.

आपल्या हवामानात आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर असतो, आणि घोड्याला पाणी कमी पडले तर हीच औषधे मूत्रपिंडाला अधिक घातक ठरतात. वेदनाशामक चालू असलेल्या ३०० किलोच्या घोड्याला उन्हाळ्यात दिवसाला ३० लिटर आणि त्याहून अधिक पाणी लागू शकते. पाणी सावलीत, सहज पोहोचेल अशा उंचीवर आणि चोवीस तास असावे. मान खाली घालताना ज्याचा पुढचा गुडघा दुखतो, तो घोडा जमिनीवरच्या घमेल्यातले पाणी कमी पितो. चंदीत थोडे मीठ घालावे आणि चाटण्याचा खडा बांधावा. घोडा पाणी पीत नसेल, जुलाब होत असतील किंवा उन्हातून थकून आला असेल, तर त्या दिवशीची मात्रा देण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.

औषध सुरू केल्यावर रोज चार गोष्टी पाहाव्यात: खाणे, लीद, लघवी आणि तोंड. चंदी अर्धवट सोडणे, दात खाणे, जिभेवर किंवा हिरड्यांवर फोड, पातळ लीद, पोट दुखल्याने पोटाकडे वळून पाहणे, पोटाखाली सूज, यांपैकी काहीही दिसले तर औषध थांबवून कळवावे. पहिले दोन आठवडे ठरवून दिलेल्या मात्रेत औषध देऊन परिणाम पाहणे आणि मग ज्या सर्वांत कमी मात्रेत घोडा सुखी राहतो तिथपर्यंत हळूहळू उतरणे, ही योग्य पद्धत होय. कायमची पूर्ण मात्रा ही सवय नसावी.

सहावी पायरी : सांध्यातील इंजेक्शने आणि इतर उपाय

एखाद-दुसऱ्या सांध्यातच दुखणे केंद्रित असेल तर त्या सांध्यात ट्रायअॅम्सिनोलोनसारखे स्टेरॉइड, एकटे किंवा हायल्युरॉनिक आम्लाबरोबर, टोचता येते आणि त्याचा आराम काही महिने टिकू शकतो. हे काम धुळीच्या ठाणावर, घाईत, केस न कापता आणि जागा निर्जंतुक न करता होता कामा नये. सांध्यात जंतू गेले तर घोडा गमावण्याची वेळ येते. इंजेक्शननंतरच्या काही दिवसांत लंगडणे कमी होण्याऐवजी एकदम वाढले तर वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे. स्थूल घोड्याला किंवा पूर्वी लॅमिनायटिस झालेल्या घोड्याला स्टेरॉइड देताना विशेष सावधगिरी हवी, म्हणून तो इतिहास आधीच सांगावा. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या भुकटीविषयी माझे मत असे की, तिचा पुरावा तोकडा आहे. मर्यादित पैसे असतील तर ते आधी नालबंद, अंथरूण आणि रक्ततपासणी यांवर खर्च करावेत.

सांध्यावर तापलेल्या लोखंडाचे डाग देणे किंवा कातडी सोलवटणारे जहाल लेप लावणे हे काही ठिकाणी अजून चालते. त्याने सांध्याच्या आतली झीज बरी होत नाही, भाजल्याची नवी वेदना मात्र घोड्याच्या वाट्याला येते. डाग दिल्यावर घोडा सुधारल्यासारखा वाटतो, तो त्या काळात सक्तीने मिळालेल्या विश्रांतीमुळे. गरम आणि सुजलेल्या सांध्यावर पंधरा-वीस मिनिटे थंड पाण्याची धार, आणि जुन्या आखडलेल्या सांध्याला कोमट शेक व हलक्या हाताचा खरारा, एवढे घरी निर्धास्तपणे करता येते.

सातवी पायरी : खूर आणि नालबंद

खूर वाढून पुढे लांबला की प्रत्येक पावलाला घोट्याला आणि खुराच्या सांध्याला जास्त मुरडावे लागते. म्हणून सहा आठवड्यांच्या आसपास, फार तर आठ, खूर छाटून घ्यावेत. नाल झिजेपर्यंत थांबणे सांधेदुखीच्या घोड्याला परवडत नाही. नालबंदाला दोन गोष्टी सांगाव्यात: खुराचा पुढचा भाग आखूड आणि किंचित गोलसर ठेवावा, म्हणजे पाऊल सहज सुटते; आणि दोन्ही बाजूंची उंची सारखी असावी. काम बंद केलेल्या घोड्याला मऊ जमिनीवर नाल नसली तरी चालते, मात्र हा निर्णय खुराची प्रत पाहून घ्यावा.

पाय उचलून धरणे हीच म्हाताऱ्या घोड्याची मोठी परीक्षा असते. नालबंदाने पाय नेहमीसारखा उंच आणि बाहेर ओढू नये. खाली, पोटाखालीच ठेवावा आणि दर दोन-तीन मिनिटांनी टेकवू द्यावा. एका दिवशी पुढचे आणि दुसऱ्या दिवशी मागचे पाय केले तरी बिघडत नाही. डॉक्टरांच्या संमतीने त्या दिवशीची वेदनाशामकाची मात्रा नालबंद येण्याच्या दोन तास आधी द्यावी. खिळ्याच्या जखमेतून धनुर्वात होतो आणि घोडा त्याला फार लवकर बळी पडतो, तेव्हा लस चुकवू नये.

आठवी पायरी : ठाण, चारा आणि वजन

सोलापुरात अंगण, गोठा, पागा, सगळीकडे शहाबादी फरशी असते. ती कडक असते, लघवीने निसरडी होते आणि दुखऱ्या सांध्यांच्या घोड्याला तिच्यावर बसून उठणे अवघड जाते. मग तो बसणेच सोडतो आणि उभ्याने पेंगतो. अशा घोड्याच्या घोट्यांच्या पुढच्या बाजूला खरचटल्याच्या खुणा दिसू लागतात, कारण पेंगताना गुडघे दुमडून तो पुढे कोसळतो. फरशीवर रबरी चटई आणि तिच्यावर निदान अर्धा फूट लाकडाचा भुसा किंवा वाळवलेला उसाचा चोथा पसरावा. चोथा ओला, बुरशी लागलेला असेल तर वापरू नये. अगाडी-पिछाडीने दिवसभर जखडलेला घोडा सांधे आखडूनच घेणार. शक्य तेथे त्याला वाड्यात किंवा कुंपणाच्या आत मोकळा सोडावा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पाय ओढून घेतो आणि सांधे मुरडतो, म्हणून त्या महिन्यांत मुरमाची, निचरा होणारी जागा निवडावी.

वजनाबाबत कसोटी सोपी आहे: बरगड्या हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना उठून दिसू नयेत. जाड घोड्याची चंदी कमी करावी, चारा नव्हे; घोड्याला दिवसाकाठी वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतोच. उलट, खंगलेल्या म्हाताऱ्या घोड्याचे दात आधी पाहावेत. तो चघळलेले बोळे तोंडातून टाकत असेल तर डॉक्टरांकडून दात घासून घ्यावेत, कडबा बारीक कुट्टी करून भिजवून द्यावा आणि लसूण घासाची जोड द्यावी. शक्तीसाठी करडईचे तेल दिवसाला ५० मिलिलिटरपासून सुरू करून हळूहळू वाढवता येते. गाई-म्हशींचे तयार पशुखाद्य घोड्याला देऊ नये. त्यात काही वेळा मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते आणि ते अगदी थोड्या प्रमाणातही घोड्याच्या हृदयाला प्राणघातक ठरते.

नववी पायरी : हालचाल आणि काम

ठाणबंद ठेवलेला सांधा आणखी आखडतो. तीव्र सूज ओसरली की सकाळ-संध्याकाळ दहा ते वीस मिनिटे कदम चालीने, सपाट आणि न रुतणाऱ्या जमिनीवर, हाताने धरून फिरवावे. उन्हाळ्यात उजाडता आणि मावळतीनंतर. लहान वर्तुळात लगामावर फिरवणे टाळावे. दुसऱ्या दिवशी सकाळी ताठरपणा वाढलेला दिसला, तर आदल्या दिवशीचा फेरा जास्त झाला असे समजावे.

वरातीचा प्रश्न टाळता येत नाही, कारण कित्येक घरांचे पोट त्यावर चालते. तरीही सांधेदुखीचे निदान झालेल्या घोड्याला मागच्या पायांवर उभे करून नाचवणे पूर्णपणे बंद करावे. त्या क्षणी त्याचा सगळा भार झिजलेल्या हॉकवर येतो. डांबरावर तासन्‌तास उभे राहणेही चालण्याइतकेच जाचक असते. काही घोड्यांना हलके वजन, थोडे अंतर आणि पुरेशी विश्रांती या अटींवर डॉक्टर काम करू देतात, काहींना नाही. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार वय, रोग किंवा दुर्बलतेमुळे अयोग्य झालेल्या जनावराला कामाला जुंपणे गुन्हा आहे. आणि १९६५ च्या नियमांनुसार गाडी ओढणाऱ्या किंवा ओझे वाहणाऱ्या जनावराकडून दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक, सलग पाच तासांपेक्षा अधिक, किंवा पारा ३७ अंशांच्या वर असताना दुपारी १२ ते ३ या वेळेत काम घेता येत नाही.

दहावी पायरी : नोंद ठेवणे आणि मर्यादा ओळखणे

एका वहीत रोज एक ओळ लिहावी: औषध व मात्रा, सकाळचा ताठरपणा शून्य ते पाचमध्ये, किती चालला, रात्री बसला होता का, चंदी संपवली का. अंगावर आणि शेपटीत भुसा किंवा चोथा चिकटलेला असेल तर घोडा बसला होता असे धरावे. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच वेळी चालण्याचे चित्रण करावे. रोज पाहणाऱ्या डोळ्याला सावकाश होणारी घसरण कळत नाही. वही आणि चित्रण यांतून ती कळते, आणि डॉक्टरांना मात्रा वाढवायची की कमी करायची हे ठरवता येते. दीर्घकाळ औषध चालू असेल तर रक्ततपासणी किती महिन्यांनी पुन्हा करायची, ती तारीखही त्याच वहीत आधीच लिहून ठेवावी.

औषध, खूर, अंथरूण आणि आहार सर्व नीट करूनही घोडा दिवसेंदिवस खात नसेल, बसल्यावर माणसांच्या मदतीशिवाय उठू शकत नसेल, किंवा दुखरा पाय वाचवताना दुसऱ्या पायाच्या खुरालाही दाह झाला असेल, तर वेदनारहित मरण देण्याविषयी डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे. हा निर्णय रात्री-अपरात्री, घोडा चिखलात आडवा पडलेला असताना घ्यावा लागू नये. त्याच्या खुणा कोणत्या, खर्च किती, आणि शव खोल पुरण्यासाठी जागा व जेसीबी कोठून आणायचा, हे घोडा बरा असतानाच ठरवून ठेवावे. या कामी वापरलेले औषध शवात राहते आणि ते खाणाऱ्या कुत्र्यांना व पक्ष्यांनाही मारते. म्हणून शव उघड्यावर टाकू नये, आणि पुरताना विहीर व ओढ्यापासून दूरची जागा निवडावी.